गुणांची धास्ती आणि दिल्लीचा उंबरठा

२ मे २०१९ रोजी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा बारावीचा निकाल जाहीर झाला. देशात संयुक्तपणे प्रथम आलेल्या दोन विद्यार्थिनींपैकी एक उत्तर प्रदेशातील गाझियाबाद शहराची होती. तिला ५०० पैकी ४९९ गुण मिळाले होते. इंग्रजीतील एक गुण वगळता सर्व विषयांत पैकीच्या पैकी. तिच्या यशाबरोबर तो हुकलेला एक गुणही बातमीचा विषय झाला. आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, याच शहरातील आणखी एका विद्यार्थिनीने ४९८ गुण मिळवून देशात दुसरे स्थान पटकावले होते.

अशा यशाचे शहराला कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या दिवशी ही बातमी येते, त्याच दिवशी त्याच शहरातील असंख्य घरांत ८८, ९१ किंवा ९३ टक्क्यांचे निकालपत्रही उघडले जाते आणि पेढे आणावेत की नाही, असा प्रश्न तेथे पडतो. एके काळी ज्या गुणांवर संपूर्ण आळीत पेढे वाटले गेले असते, ते गुण आज नातेवाइकांना काहीशा ओशाळलेल्या सुरात सांगितले जातात. दिल्ली विद्यापीठातील एखाद्या नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळावा ही आकांक्षा आणि तो मिळेल की नाही याची धास्ती, हा राजधानी परिसरातील मध्यमवर्गीय कुटुंबांचा वार्षिक अनुभव झाला आहे.

या धास्तीकडे बहुधा विद्यार्थ्याच्या मनाचा दुबळेपणा म्हणून पाहिले जाते. मग त्याला प्राणायाम, वेळापत्रक, सकारात्मक विचार असे उपाय सुचवले जातात. ते निरुपयोगी आहेत असे नाही. मात्र एक मूलभूत भेद त्यात निसटतो. गुण जोवर अभ्यास मोजतात, तोवर त्यांची काळजी करणे उपयोगाचे असते. परंतु गुणांचे काम केवळ लांबलचक रांग लावण्यापुरते उरते, तेव्हा त्यांच्या शेवटच्या अंशातून विद्यार्थ्याविषयी काहीही कळत नाही. राजधानीच्या उंबरठ्यावर बसलेल्या मुलाची बरीचशी झोप या शेवटच्या अंशापायी उडालेली असते, आणि तो आपल्या योग्यतेचा निवाडा नव्हे, हे त्याला क्वचितच कोणी सांगते.

शंभर टक्क्यांचे दशक

ही परिस्थिती एका रात्रीत निर्माण झालेली नाही. २०११च्या जून महिन्यात दिल्लीच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने वाणिज्य शाखेबाहेरील विद्यार्थ्यांसाठी बी. कॉम. ऑनर्सची प्रवेशमर्यादा १०० टक्के ठेवली, तेव्हा देशभर आश्चर्य व्यक्त झाले. तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्र्यांनाही त्यावर प्रतिक्रिया द्यावी लागली. पुढील काही वर्षांत ते आश्चर्य ओसरले. २०१५ मध्ये संगणकशास्त्रासाठी दोन महाविद्यालयांनी हाच आकडा लावला. २०२० मध्ये लेडी श्रीराम महाविद्यालयात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र या तीन विषयांची पहिली यादी १०० टक्क्यांवर लागली. २०२१ मध्ये हिंदू, रामजस, श्रीराम अशा अनेक महाविद्यालयांत तोच प्रकार घडला.

या आकड्यांमागे गुणवत्तेचा स्फोट होता असे मानणे कठीण आहे. केंद्रीय मंडळाच्या बारावीत ९५ टक्क्यांहून अधिक गुण मिळवणाऱ्यांची संख्या २०१९ मध्ये १७ हजारांच्या घरात होती. करोनाच्या पहिल्या वर्षी, २०२० मध्ये, ती ३८ हजारांवर गेली. २०२१ मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही. दहावी, अकरावी आणि बारावी यांच्या गुणांना ३०, ३० आणि ४० टक्के भार देऊन निकाल लावण्यात आला, तेव्हा हीच संख्या ७० हजारांच्या पुढे पोहोचली. दिल्ली विद्यापीठातील पदवीच्या एकूण जागाही त्या सुमारास साधारण ७० हजारच होत्या. म्हणजे एका मंडळाचे ९५ टक्क्यांवरील विद्यार्थी सर्व महाविद्यालये आणि सर्व विषय मिळून असलेल्या जागा भरून टाकण्यास पुरेसे होते. त्या वर्षी ९४ टक्के मिळवणाऱ्या मुलाला आपण कोठे कमी पडलो हे समजणे शक्यच नव्हते, कारण तो अभ्यासात कमी पडलाच नव्हता.

त्याच हंगामात केरळ राज्य मंडळाचे पैकीच्या पैकी गुण घेतलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने आले. हिंदू महाविद्यालयात राज्यशास्त्राला मंजूर जागांच्या कितीतरी पट प्रवेश द्यावे लागले. एका प्राध्यापकाने समाजमाध्यमांतून या विद्यार्थ्यांविषयी ‘मार्क जिहाद’ असा शब्दप्रयोग केला आणि त्यावरून संतापाची लाट उसळली. तो शब्द निषेधार्हच होता. गुणांची स्पर्धा एका टोकाला गेली की ती विद्यार्थ्यांनाच एकमेकांविरुद्ध उभे करते, हेही त्या प्रकरणाने दाखवून दिले.

महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रश्न अपरिचित नाही. अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळ विरुद्ध केंद्रीय मंडळे हा वाद २००८ ते २०१० या काळात तीन वेळा न्यायालयात गेला. आधी पर्सेंटाइलचे सूत्र, नंतर राज्य मंडळासाठी ९० टक्के जागांचा कोटा आणि शेवटी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’. पहिले दोन उपाय उच्च न्यायालयात टिकले नाहीत. तिसऱ्याला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली. रुईया, झेवियर्स किंवा फर्ग्युसनच्या यादीसमोर उभे राहिलेले पालक आणि दिल्लीच्या उत्तर परिसरातील पालक यांच्या चेहऱ्यांत फारसा फरक नसतो. दहावीत नेमके ३५ टक्के मिळवणाऱ्याचेही कौतुकाने वृत्त देण्याची प्रथा महाराष्ट्रात मात्र रुजली आहे. त्यात थट्टेचा अंश असला, तरी निकालाच्या दिवशी थोडे हसण्याची मुभा त्यातून मिळते.

सीमेवरचे शहर

गाझियाबादच्या बाबतीत या स्पर्धेला भूगोलाची एक वेगळी धार आहे. हे शहर हिंडन नदीच्या दोन्ही तीरांवर पसरले आहे. कौशांबी, वैशाली, इंदिरापूरम, वसुंधरा या पश्चिमेकडील वसाहती दिल्लीला जवळजवळ चिकटलेल्या आहेत. कौशांबी आणि आनंद विहार ही मेट्रोची लागोपाठची स्थानके; त्यांपैकी पहिले उत्तर प्रदेशात, दुसरे दिल्लीत. २०११ पासून वैशालीपर्यंत आणि २०१९ पासून शहराच्या नव्या बसस्थानकापर्यंत मेट्रो धावते. येथील हजारो लोक दिल्लीत नोकरी करतात. मात्र प्रवेशाच्या अर्जावर त्यांच्या मुलांची नोंद बहुधा ‘दिल्लीबाहेरील’ अशी होते.

दिल्ली सरकारच्या अखत्यारीतील गुरू गोविंद सिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठ आणि दिल्ली तंत्रज्ञान विद्यापीठ येथे ८५ टक्के जागा दिल्लीच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात. तेथे दिल्लीचा विद्यार्थी म्हणजे दिल्लीतील शाळेतून बारावी झालेला विद्यार्थी. घर कोठे आहे यापेक्षा शाळा कोठे आहे याला महत्त्व आहे. त्यामुळे अकरावीला शाळा बदलावी का, हा प्रश्न येथील घरांत दहावीच्या निकालाआधीच चर्चिला जातो. दिल्ली विद्यापीठाचे महिलांसाठीचे अनौपचारिक शिक्षण मंडळ शनिवार-रविवारी वर्ग भरवून पदवी मिळवून देते. परंतु तेथे दिल्लीच्या रहिवासी मुलींनाच प्रवेश मिळतो. आनंद विहारच्या मुलीला ही सोय आहे, कौशांबीच्या मुलीला नाही.

दिल्ली विद्यापीठ मात्र केंद्रीय असल्याने त्याच्या नियमित महाविद्यालयांत असा प्रादेशिक कोटा नाही. दिल्ली सरकारच्या निधीवर चालणाऱ्या २८ महाविद्यालयांत ८५ टक्के जागा स्थानिकांना मिळाव्यात, असा ठराव दिल्ली विधानसभेने २०१७ मध्ये केला होता, पण तो अमलात आला नाही. सीमेपलीकडच्या मुलाला समान अटीवर उघडे असलेले हे राजधानीतील मोठे दार आहे, आणि त्याच्यासमोर देशभरातून आलेली गर्दी आहे.

भारत इलेक्ट्रॉनिक्सचा साहिबाबादजवळील कारखाना, हिंडनचा हवाई दलाचा तळ, बँका आणि केंद्र सरकारची कार्यालये यांमुळे बदलीवर येणारी मराठी कुटुंबेही या परिसरात आहेत. त्यांची अडचण दुहेरी असते. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी साधारणतः महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागते. दिल्लीच्या कोट्यासाठी दिल्लीची शाळा लागते. मुलगा ना धड तिकडचा राहतो ना इकडचा. अशा घरांत बारावीच्या वर्षी बदलीचा आदेश येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवले जातात.

परीक्षा बदलली, धास्ती तीच

मंडळांच्या गुणांतील ही विसंगती दूर करण्यासाठी २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू करण्यात आली. तिला सर्वत्र ‘सीयूईटी’ या संक्षिप्त नावानेच ओळखले जाते. दिल्ली विद्यापीठात बारावीच्या गुणांवरचे प्रवेश बंद झाले. तत्त्वतः हा बदल योग्य होता. ज्यांच्या राज्य मंडळांत हात आखडता घेऊन गुण देण्याची पद्धत होती, त्या मुलांना पूर्वी अर्ज करण्यातही अर्थ वाटत नसे. गाझियाबादमध्येच उत्तर प्रदेश मंडळाच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकणारी मुलगी आणि इंदिरापूरममधील खासगी शाळेत शिकणारी मुलगी निदान एकाच प्रश्नपत्रिकेसमोर बसू लागल्या.

असे असले तरी धास्ती कमी झाली नाही. तिने जागा बदलली. पहिल्याच वर्षी तांत्रिक बिघाडांमुळे परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, निकाल सप्टेंबरच्या मध्यावर लागला आणि दिल्ली विद्यापीठाचे वर्ग नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. २०२४ मधील प्रसंग तर गाझियाबादकरांच्या विशेष लक्षात राहण्यासारखा होता. १५ मे रोजी दिल्लीतील केंद्रांवर होणारी परीक्षा आदल्या दिवशी स्थगित झाली आणि २९ मे रोजी घेण्यात आली. गाझियाबाद, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद येथे मात्र ती ठरल्या दिवशीच झाली. त्यामुळे काही किलोमीटरच्या अंतरावरील दोन मुलांनी दोन आठवड्यांच्या अंतराने वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका सोडवल्या आणि त्यांचे गुण एकाच यादीत आले.

येथे या परीक्षेचे गणित थोडे समजून घेणे आवश्यक आहे, कारण चिंतेचे एक मोठे कारण त्यात आहे. २०२५ मध्ये प्रत्येक विषयाला ५० प्रश्न आणि २५० गुण होते. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. याचा अर्थ बरोबर येऊ शकणारा एक प्रश्न चुकला, तर ६ गुणांचा फरक पडतो. चार विषयांच्या हजार गुणांत ६ गुण म्हणजे अर्धा टक्क्याहून थोडे अधिक. मोठ्या मागणीच्या अभ्यासक्रमात एवढ्या अंतरात अनेक विद्यार्थी उभे असतात. त्यातच एका विषयाची परीक्षा अनेक सत्रांत झाली, तर प्रत्येक सत्रातील विद्यार्थ्याचे सापेक्ष स्थान काढून गुणांचे समायोजन केले जाते. सोप्या सत्रातील मुलाचे गुण त्यामुळे खाली येऊ शकतात आणि कठीण सत्रातील मुलाचे वर जाऊ शकतात. समायोजनामागील संख्याशास्त्र मान्य असले, तरी आपल्या उत्तरपत्रिकेत नसलेले कारण आपल्या गुणांत आले आहे, ही भावना सतरा वर्षांच्या मुलाला पचवणे कठीण जाते.

समान गुण पडल्यास बारावीतील सर्वोत्तम तीन विषयांची टक्केवारी पाहिली जाते. म्हणून मंडळाच्या परीक्षेचा ताणही पूर्णपणे गेलेला नाही. दोन्ही परीक्षांची तयारी एकाच वर्षात करायची, आणि त्यासाठी शाळेबरोबर खासगी शिकवणीचे शुल्क भरायचे, असा दुहेरी भार पडला. सामाईक परीक्षेने हिंदी माध्यमाच्या मुलीला जी समान प्रश्नपत्रिका दिली, तिचा लाभ शिकवणीच्या शुल्काने काही अंशी काढून घेतला, हे या सुधारणेच्या समर्थकांनीही मान्य करावयास हवे.

मनाचे काय होते

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०२२च्या प्रारंभी देशभरातील ३ लाख ७९ हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांपैकी ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचे कारण असल्याचे सांगितले. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ या वडीलधाऱ्यांच्या वाक्याने हा आकडा झाकता येत नाही.

थोडी चिंता अभ्यासाला उपकारक असते, हे मानसशास्त्राने शतकभरापूर्वीच नोंदवले आहे. तथापि परीक्षेच्या चिंतेत दोन वेगळे घटक असतात, असे १९६७ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी दाखवले. एक शारीरिक: छातीत धडधड, तळहाताला घाम, पोटात गोळा. दुसरा विचारांचा: ‘मला जमणार नाही, घरचे काय म्हणतील, तो माझ्या पुढे जाईल.’ कामगिरीवर अधिक विपरीत परिणाम होतो तो दुसऱ्याचा. कारण गणित सोडवताना आकडे धरून ठेवण्यासाठी मनात जी तात्पुरती जागा लागते, तीच जागा हे विचार व्यापून टाकतात. म्हणून ‘घाबरू नकोस’ असे सांगून फारसे साधत नाही. धडधड आपोआप ओसरते. घरात रोज उच्चारली जाणारी तुलना मात्र परीक्षेच्या खोलीपर्यंत सोबत जाते.

या संदर्भात झटपट उपायांविषयी सावध राहणे बरे. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली भीती कागदावर लिहून काढली की गुण वाढतात, असा निष्कर्ष २०११ मध्ये एका प्रतिष्ठित विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. २०१८ मध्ये तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहिला असता तो परिणाम दिसून आला नाही. लिहिल्याने मन हलके वाटत असेल तर अवश्य लिहावे, परंतु त्यातून गुणांची अपेक्षा ठेवू नये. पुरेशी झोप, ठरावीक वेळी सराव प्रश्नपत्रिका सोडवणे आणि चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवणे हे जुने, कंटाळवाणे मार्गच अधिक भरवशाचे आहेत. सराव परीक्षेचे गुण मात्र रोज कुटुंबासमोर मांडण्याचे कारण नाही. ते विद्यार्थ्याला चूक शोधण्यासाठी असतात. वडिलांना अंदाज बांधण्यासाठी नसतात.

प्रश्नाचे गांभीर्य केवळ झोपेपुरते नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले, आणि राज्यनिहाय यादीत महाराष्ट्राचा क्रमांक सर्वांत वर होता. यांतील प्रत्येक मृत्यू गुणांमुळे झाला असे म्हणता येणार नाही. अशा घटनांमागे बहुधा अनेक कारणे गुंतलेली असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२५च्या मार्चमध्ये उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले आणि जुलैमध्ये शिक्षणसंस्था व शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, यावरून या विषयाची निकड स्पष्ट होते. मुलगा कित्येक दिवस जेवत-झोपत नसेल, मित्रांपासून तुटला असेल, ‘माझा काही उपयोग नाही’ असे वारंवार बोलत असेल, तर ती निकालाची नेहमीची हुरहूर समजून वाट पाहत बसू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि निःशुल्क उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. केंद्रीय मंडळ १९९८ पासून परीक्षा आणि निकालाच्या काळात दूरध्वनीवरून समुपदेशन करत आले आहे.

मंडळाने २०२३ मध्ये गुणवत्ता यादी तसेच प्रथम, द्वितीय, तृतीय श्रेणी जाहीर न करण्याचा निर्णय घेतला, तो अनिष्ट स्पर्धा टाळण्यासाठीच. परंतु यादी मंडळाने थांबवली तरी फलक थांबले नाहीत. मे महिन्यात उत्तर भारतातील शहरांच्या चौकाचौकांत शाळा आणि शिकवणी वर्गांच्या फलकांवर गुणवंतांची छायाचित्रे टक्केवारीसह झळकतात. ज्याचा फोटो त्यावर नाही, तो मुलगाही त्याच चौकातून रोज जातो.

नामांकित महाविद्यालय न मिळाल्यास खरोखर किती बिघडते, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर ‘काहीच बिघडत नाही’ असे म्हणता येणार नाही. चांगले सहाध्यायी, ग्रंथालय, मुलाखतीसाठी येणाऱ्या कंपन्या यांचा फायदा होतोच. मात्र तो समजला जातो तेवढा मोठा असतो का, याविषयी अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास विचार करायला लावणारा आहे. अत्यंत निवडक महाविद्यालयांनी स्वीकारलेले, पण प्रत्यक्षात कमी निवडक महाविद्यालयात शिकलेले विद्यार्थी पुढे सरासरीने तेवढेच कमावत होते. याला अपवाद होता तो गरीब घरांतील मुलांचा. त्यांना मोठ्या महाविद्यालयाचा खरा लाभ झाला. भारतात नोकरीच्या बाजारात महाविद्यालयाच्या नावाला अधिक वजन आहे, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. तरीही ज्या घरात पुस्तके, इंग्रजी आणि ओळखी आहेत, त्या घरातील मुलाचे भवितव्य एका यादीवर लटकलेले नसते, एवढे त्यातून निश्चित घेता येईल. उलट जेथे हे काहीच नाही, तेथे प्रवेशासाठी धडपडणाऱ्या मुलीची काळजी अवाजवी म्हणता येत नाही. तिला धीर देण्यापेक्षा शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची माहिती देणे अधिक उपयोगी ठरेल.

पसंतीक्रमाचा कागद

व्यवहारात धास्ती कमी करण्याचे सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे पसंतीक्रमाची यादी. दिल्ली विद्यापीठाच्या जागावाटप पद्धतीत महाविद्यालय आणि विषय यांच्या हव्या तितक्या जोड्या भरता येतात. अनेक विद्यार्थी मात्र पाच-सहा प्रसिद्ध नावे भरून थांबतात, कारण त्याखालचे नाव लिहिणे हीच त्यांना हार वाटते. वास्तविक यादी लांब ठेवल्याने वरच्या पसंतीची संधी तिळमात्र कमी होत नाही. आधी महाविद्यालय की आधी विषय, हे निकालापूर्वी शांतपणे ठरवून ठेवणे महत्त्वाचे. इतिहासाची आवड असलेल्या मुलीने दक्षिण दिल्लीतील कमी चर्चेतल्या महाविद्यालयात इतिहास घ्यावा की प्रसिद्ध महाविद्यालयात नको असलेला विषय, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. परंतु तो जुलैच्या मध्यरात्री संगणकासमोर बसून सोडवण्याचाही नाही. वैशालीहून दक्षिण परिसरापर्यंतचा रोजचा प्रवासही या विचारात धरावा. तीन वर्षे, किंवा नव्या रचनेत चार वर्षे, रोज त्यात जाणारा वेळ हा अर्ध्या टक्क्याच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

विद्यापीठ अंतिम वाटपापूर्वी विद्यार्थ्याचा संभाव्य क्रमांक दाखवून पसंती बदलण्याची संधी देते. पहिल्या फेरीत मिळालेली जागा स्वीकारून पुढील फेऱ्यांत वर सरकण्याचा पर्यायही असतो. हंगामाच्या अखेरीस काही महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहतात. त्या भरण्यासाठी विशेष फेऱ्या होतात आणि उरलेल्या जागांसाठी बारावीच्या गुणांकडे वळण्याची वेळही विद्यापीठावर आलेली आहे. जूनमध्ये ज्या दारावर झुंबड असते, त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या दारात सप्टेंबरमध्ये कोणी नसते.

याशिवाय १९६२ पासून पत्रद्वारे आणि आता मुक्त शिक्षणाच्या रूपाने चालणारी दिल्ली विद्यापीठाची शाखा गाझियाबादच्या विद्यार्थ्यांनाही खुली आहे. शहरातील एम. एम. एच., शंभुदयाल यांसारखी महाविद्यालये मेरठच्या चौधरी चरणसिंग विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांच्याकडे ‘काहीच मिळाले नाही म्हणून’ पाहिले जाते, आणि त्यामुळे तेथे प्रवेश घेणारा मुलगा पहिले वर्ष रुसून घालवतो. त्या रुसव्याची किंमत महाविद्यालयाच्या नावापेक्षा जास्त पडते. बारावीच्या गुणांविषयी शंका असेल, तर २०२५ पासून केंद्रीय मंडळात आधी तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत पाहून मग फेरतपासणीचा अर्ज करता येतो. आपला कागद स्वतः पाहिल्यावर पुष्कळदा मनातील संशय तरी मिटतो.

विद्यार्थ्याने आणि पालकांनी करावयाचे ते इतके. उरलेले यंत्रणेने करावयाचे आहे. कोणत्या सत्राची काठिण्यपातळी किती होती आणि समायोजनाने गुण किती बदलले, हे सत्रनिहाय व सोप्या भाषेत प्रसिद्ध झाले, तर निकालानंतरच्या निम्म्या अफवा थांबतील. त्याहून निकडीचा आहे तो तारखांचा प्रश्न. सामाईक परीक्षेचा निकाल २०२४ मध्ये २८ जुलैला लागला, तर २०२५ मध्ये ४ जुलैला. २०२५ मध्ये पहिले जागावाटप १९ जुलैला होऊन १ ऑगस्टपासून वर्ग सुरू झाले, ही सुधारणा निश्चितच आहे. परंतु मधल्या आठवड्यांत खासगी विद्यापीठे शुल्क भरण्याची अंतिम मुदत देतात. दिल्ली मिळेल की नाही हे ठाऊक नसताना अनेक पालक तेथे हजारो रुपये अडकवून ठेवतात. निकालाची आणि जागावाटपाची तारीख अर्ज भरतानाच जाहीर होऊन पाळली गेली, आणि खासगी संस्थांना त्यानंतरच पूर्ण शुल्क घेण्याचे बंधन घातले गेले, तर हा भुर्दंड टळेल आणि जूनपासून जुलैपर्यंतचे ते आठवडे घरात थोडे सुसह्य होतील.